पिंपळगावची खरवड आणि जपानचं ओकोगे

भाताच्या करपलेल्या थराचं नाव जपानी लोक एवढ्या आदरानं का घेतात? मला सांगता येत नाही. ऑनलाइन जपानी शिकताना हा शब्द भेटला, ओकोगे. ‘कोगेरु’ म्हणजे करपणं, त्यातून आलं कोगे, आणि पुढचा ‘ओ’ आदराचा. पूर्वी चुलीवरच्या लोखंडी भांड्यात बुडाला तांबूस, कुरकुरीत थर धरायचा, तो ओकोगे. विजेच्या कुकरात तो धरेना, तेव्हा लोकांना चुकल्या-चुकल्यासारखं झालं. आता काही कुकरांना त्यासाठी वेगळं बटण असतं म्हणे.

शब्द डोक्यात घोळत असतानाच आईला घेऊन पिंपळगाव रेणुकाईला निघाले. मी घरातली पहिली पदवीधर, त्यामुळे घरातलं चुकीचं बदलायची जबाबदारी माझीच, असं मला वाटतं. आई सगळ्यांच्या नंतर जेवते आणि कढई खरवडून खाते, हे मला कधीच पटलं नाही. म्हणून पहिल्या पगारातून नॉनस्टिक कढई आणली. काही चिकटायलाच नको. या सहलीतही एकच हट्ट होता, आईनं एकदा तरी स्वतःच्या आवडीचं मागून खावं.

जालन्याहून भोकरदनला सकाळची एसटी बरी, महिलांना अर्धं तिकीट. राजूरला गाडी थांबली तेव्हा काय खाणार म्हणून विचारलं. “तुला आवडंल ते,” आई म्हणाली. भोकरदनलाही तेच. पुढे जीपनं गेलो. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा. रस्ता मात्र सुंदर आहे, दोन्हीकडे मका आणि कपाशी.

देवीचं दर्शन निवांत झालं. देवळापासून जवळच एक बाई घरातच खानावळ चालवतात. पिठलं, भाकरी, ठेचा, दोघींचं दोनशेच्या आत. मी तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं, पण आईचं लक्ष चुलीकडे होतं.

“ताई, पिठलं खाली लागलं असंल ना? खरवड राह्यली का?”

“ती मी कोणाला देत न्हाई,” बाई हसल्या. “माझ्यासाठी ठेवते.”

तरी त्यांनी कढई पुढे ओढली आणि उलथन्यानं अर्धी खरवड आईच्या ताटात काढली. मी आईला म्हटलं, करपलेलं कशाला खातेस?

“करपलेलं न्हाई गं, खमंग असतं. तुझी नवी कढई आल्यापासून भेटलीच न्हाई खायला.”

“मंग सांगितलं का नाही?”

“पहिल्या पगाराची आणल्ती तू. कसं सांगू?”

खानावळवाल्या बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “घ्या, शिकलेली पोरगी.” आम्ही तिघीही हसलो. मग मी एक तुकडा तोंडात टाकला. कडक, खारट, लसणाचा वास असलेला. दुसरा मागितला तर आईनं ताट जरा पलीकडे सरकवलं.

परतीच्या जीपमध्ये तिला ओकोगेची सगळी गोष्ट सांगितली, आदराच्या ‘ओ’सकट. तिनं थोडा विचार केला.

“मंग असं मानाचं नाव ठेवणारी कढई घासणारीच असंल.”

कोणत्याही शब्दकोशात हे सापडणार नाही, पण मला तूर्तास पुरेसं आहे.

घरी पोचल्यावर नॉनस्टिक कढई शेजारच्या वहिनींना देऊन टाकली. माळ्यावरून लोखंडी काढली, घासली, तेल लावलं. दुसऱ्या दिवशी पिठलं मीच केलं आणि गॅस मुद्दाम जरा उशिरा बंद केला.