नखाची पारख

सेक्टर दहामध्ये ज्या घरी मी स्वयंपाक करते, तिथले काका प्लांटमधून रिटायर झालेले फिटर आहेत. लोक त्यांच्याकडे जुन्या बंदुका पारखायला आणतात. काका आधी चष्मा काढतात, मग डोळे मिटून नळीवरच्या कारखान्याच्या ठशावर अंगठ्याचं नख फिरवतात. "डोळ्याले फसवता येते, बाई," असं एकदा मला म्हणाले होते.

परवा त्यांचे व्याहीच बंदूक घेऊन आले. सोबत काकांची मुलगी होती.

"आमच्या आजोबाची आहे. असली म्हणून लिहून द्या. गिऱ्हाईक वाट पाहून राहिलं."

काकांनी नख फिरवलं. "ठसा आधी असते, गंज मागून चढते. इथं गंजाच्या खड्ड्यावर ठसा मारला. खोटा आहे."

व्याही चिडले. "पोरगी आमच्या घरी नांदते, हे तरी पाहा! सूनबाई, तूच समजाव तुझ्या बाबाले."

मुलगी मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, आता ही रडणार. तिनं बंदूक जवळ ओढली, डोळे मिटले आणि नख फिरवलं.

"खोटाच आहे, मामाजी."

काकांनी कागदावर तसंच लिहिलं. सहीसाठी पेन मात्र आधी मुलीच्या हातात दिला.