सात नंबरवर बसलेली सिस्टर

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. बारा वर्षं नर्स आहे मी – जळगावच्या एका खाजगी हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. एवढी माणसं डोळ्यांदेखत गेली... एकही परत आलं नाही! म्हणून हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, आणि भीतीही वाटतेय.

मागच्या उन्हाळ्यात चाळीसगावकडच्या एक अक्का सात नंबरच्या खाटेवर होत्या. दुपारी दोनला मी पुढच्या पाळीच्या सिस्टरला ओव्हर देत होते – म्हणजे एकेका पेशंटची माहिती सांगून वॉर्ड सोपवायचा. अक्कांची मुलगी दोनदा आली. “सिस्टर, मायले देखा ना... दम लागी राहिना तिले.”

“थांबा हो, ओव्हर संपू द्या!” मी खेकसले.

पाच मिनिटांनी गेले, तर अक्का गेलेल्या. डॉक्टर म्हणाले, आधी आली असतीस तरी वाचल्या नसत्या. सगळे तेच म्हणाले. मी मात्र स्वतःला माफ केलं नाही. रडलेही नाही, झपाटल्यासारखी कामाला लागले. सुट्ट्या बंद, डबल ड्युटी. मेट्रन इतरांना सुनावायच्या, “शिका जरा हिच्याकडून!”

महिन्याभरानं पाच नंबरच्या आजींनी माझा हात धरला आणि सात नंबरकडे बोट दाखवलं. “माय, तू आत्ते तठे बशीसन रडी राहिंती ना? काय व्हयनं?”

सात नंबर रिकामा होता, आणि मी तासभर ड्रेसिंग रूममध्ये होते. आजींना भास झाला असेल, म्हणून सोडून दिलं.

आठ दिवसांनी, भर दुपारी, शबाना औषधांच्या खोलीत आली. धुळ्याला आम्ही बरोबरच ट्रेनिंग केलेलं. मला बघून ती दारातच थबकली. “तू इथे? मग... सात नंबरवर कोण बसलंय?”

दोघी गेलो. खाटेच्या कडेवर एक सिस्टर, पाठमोरी. खांदे गदगदत होते. पाठमोरं स्वतःला ओळखता येतं का? येतं हो...

वॉर्डात कुणी रडलं की मी पाणी द्यायची, पाठीवर हात ठेवायची. मध्ये फक्त चार पावलं होती. शबाना पुटपुटली, “जा ना... विचार तिला.”

माझ्या तोंडून निघालं, “रडू दे. चूक तिचीच आहे.”

ते खांदे एकदम थांबले. डोळ्याचं पातं लवलं, आणि खाट रिकामी.

त्यानंतर ती कुणालाच दिसली नाही. ती कोण होती, हे ना शबानाला सांगता येत, ना मला. मी आजही कामात कुठे कमी पडत नाही. पण आता कुणाची मुलगी रडत आली, की तिच्या पाठीवर ठेवायला माझा हात उचलतच नाही.