वाहिद सरांचे हात

अक्कलकुव्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्या वाहिदला एकच खोड होती. समोरचा माणूस जरा अडला की त्याचा हात आपोआप पुढे जायचा. रस्त्यात कुणाच्या मोटारसायकलला किक बसेना, तर हा जाऊन मारून द्यायचा. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथेच हात चालवायची सवय लागलेली. अशा माणसाला कॉलेजने नेमकं दिव्यांग विद्यार्थ्यांना कॉम्प्युटर शिकवायला बसवलं. नाशिकच्या प्रशिक्षणाला जायला प्राध्यापकांपैकी कुणालाच सवड नव्हती, एवढंच त्याचं कारण.

प्रशिक्षणाहून तो हेडफोन, स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम आणि गरजेपेक्षा जास्त उत्साह घेऊन आला. काठी गावच्या दलसिंगचा एक हात लुळा होता. त्याला दोन बटणं एकदम दाबता यायची नाहीत. ती एकामागून एक दाबली तरी चालावीत अशी सोय कॉम्प्युटरमध्येच असते. वाहिदने ती शोधून चालू करून दिली. मग पहिलं बटण दलसिंग दाबायचा आणि दुसरं वाहिद. दलसिंग स्वभावाने भिडस्त, तो काही बोलला नाही.

रुचिका बोलली. खापर गावच्या शेतकरी घरातली ही मुलगी जन्मापासून आंधळी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि तिला जीभही व्यवस्थित होती. ‘‘सर, हात मांगे ल्या. मन्हं मी करसू,’’ ती म्हणायची. वाहिद हात मागे घ्यायचा. जरा वेळाने तो हात पुन्हा माऊसवर सापडायचा.

शेवटी रुचिकाने उपाय काढला. लॅबमध्ये आली की ती पहिल्यांदा स्क्रीन बंद करायची. तिला स्क्रीनचा उपयोग नव्हता, कॉम्प्युटर तिच्या कानात बोलायचा. तोही इतक्या झपाट्याने की वाहिदला त्यातलं अक्षर कळायचं नाही. स्क्रीन काळी झाली तशी वाहिदला तिची चूक दिसेना, आणि चूक दिसेना तेव्हा हात कुठे घालावा तेही कळेना. तो मनातून फार दुखावला होता. तिला लाईटही लागत नसल्याने एकदा शिपाई छबूबाईंनी लॅबला बाहेरून कुलूप लावलं. आतून दार वाजलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘माले वाटनं, आठे कोनीच नई शे.’’

एक गोष्ट मात्र रुचिकाने वाहिदची ऐकली होती. आपल्याकडची लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून दर वाक्याला पूर्णविराम दिला की लगेच सेव्ह करायचं. हे त्याने तिच्या मागे लागून लागून बोटांत बसवलं होतं.

आदल्या वर्षी रुचिकाचा पेपर लेखनिकाने लिहिला होता. ही सांगेल ते लिहायला अकरावीची एक मुलगी बसवलेली. तिचा हात दुखायला लागला तशी रुचिकाची उत्तरं आखूड होत गेली. मार्कही त्याच मापाने पडले. यंदा रुचिकाने हट्ट धरला, की माझा पेपर मीच कॉम्प्युटरवर लिहिणार. परीक्षा सांभाळणारे नवनीत सर भला माणूस. त्यांनी आधी सराव पेपर घेऊन बघू म्हटलं. अट एकच: वाहिदने हाताने किंवा तोंडाने जराही मदत केली, तर परवानगी विसरायची आणि पुन्हा लेखनिक घ्यायचा.

वाहिदने ही अट घरी सांगितली. बायको सकीना त्याला पुरती ओळखून होती. ‘‘हाथों पे बैठ जाना,’’ ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

तो खरंच दोन्ही हात मांडीखाली घेऊन मागच्या खुर्चीवर बसला. रुचिकाने सवयीप्रमाणे स्क्रीन बंद केली, हेडफोन चढवले आणि टाईप करायला लागली. नवनीत सर फेऱ्या मारत होते. तिच्या मागे येऊन थांबले. काळी स्क्रीन पाहून त्यांचा चेहरा उतरला. बिचारी पोर बंद कॉम्प्युटरवर टाईप करतेय आणि तिला पत्ताही नाही, असं त्यांना वाटलं. ते हळूच खाली वाकले. वाहिदने त्यांचा हात टेबलाखालच्या सीपीयूच्या बटणाकडे जाताना पाहिला. त्याचं तोंड उघडलं. तो ओरडणारच होता, पण अट आठवली आणि त्याने तोंड मिटलं. सरांनी बटण दाबलं. स्क्रीनवर काही उमटेना, म्हणून जोर लावून दाबून धरलं, आणि चालू असलेला कॉम्प्युटर बंद पडला.

रुचिकाची बोटं थांबली. तिने हेडफोन काढले आणि मान वर केली.

‘‘पंखा चालू शे. म्हणजे लाईट नई गयी,’’ ती म्हणाली. ‘‘वाहिद सर, बटन तुम्ही दाबं का?’’

वाहिद गप्प राहिला. आयुष्यात त्याला यापेक्षा अवघड काही करावं लागलं नव्हतं. ‘‘बोला ना!’’ रुचिका चिडून म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

‘‘मी दाबलं,’’ नवनीत सर ओशाळून म्हणाले. ‘‘मला वाटलं, बंद आहे.’’

रुचिकाने हेडफोन पुन्हा चढवले. खाली चाचपून बटण शोधलं, कॉम्प्युटर सुरू केला, पाठ असलेली बटणं दाबून कानातला आवाज चालू केला आणि फाईल उघडली. अर्धवट राहिलेलं एक वाक्य तेवढं गेलं होतं. ते तिने पुन्हा लिहिलं आणि वेळेत पेपर संपवला. नवनीत सरांनी तो तिथेच वाचला आणि परवानगीवर सही केली.

बाहेर व्हरांड्यात ती वाहिदला म्हणाली, ‘‘तुम्ही मांगेच व्हतात?’’

‘‘व्हतू.’’

‘‘मंग बोलनात का नई?’’

‘‘बोलतू तं तुन्हा पेपर जाता ना.’’

घडीची काठी उघडून रुचिका बस स्टँडकडे निघून गेली. वाहिदला वाईट वाटलं. आपली आता इथे काही गरज उरली नाही, असंही त्याला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला लॅबमध्ये आली. वाहिद लांब उभा राहिला. तिने खुर्ची ओढली, हेडफोन चढवले आणि हात लांब करून स्क्रीन चालू केली.

‘‘आते दखा,’’ ती म्हणाली. ‘‘पन हात खिसामा ठेवा.’’

वाहिदने हात खिशात घातले आणि तिच्या मागे येऊन उभा राहिला.