अर्ध्या गाईची गादी

कॅनडात, विनिपेगच्या लायब्ररीत हिवाळाभर एक म्हातारा माझ्यासमोर बसायचा. अंगातला कोट काही काढायचा नाही. डेन्मार्कमध्ये त्याची खापरपणजी वारली, तेव्हा शेजाऱ्यांनी घरात येऊन तिच्या चीजवस्तूंची किंमत ठरवली होती. त्या यादीची प्रत तो भिंगातून वाचत बसे. किमती रिग्सडेलरमध्ये, म्हणजे तिथल्या जुन्या नाण्यात.

"डॉलरमध्ये किती होतात, फोनवर बघू का?" मी आगाऊपणे विचारलं.

"डॉलरनं काय कळणार? हे बघा, गाय दहाची. पिसांची गादी पाचाची, म्हणजे अर्धी गाय. बाई गरीब होती, पण उबेत झोपत होती."

माझी आईही वडिलांचा पहिला पगार तोळ्यांत सांगायची. ते ऐकून स्वारी खूश झाली.

"मग तुमचं घर किती गाईंचं?" मी थट्टेत विचारलं.

त्याने भिंग रुमालात गुंडाळलं. "किंमत करायला शेजारी आत यावे लागतात. माझ्याकडे कोण येतंय?"

त्या संध्याकाळी कॉन्डोतल्या माझ्या फ्लॅटवर परतलो. किल्ली लावता लावता समोरच्या दाराकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यावर नाव नव्हतं. माझ्याही दारावर नव्हतं.