सोयरसुतक

आंतरराष्ट्रीय संबंधांचा आफ्रिकी विचार मराठीत शिकवायचा म्हणजे डोक्याला ताप. उल्हासनगरच्या कॉलेजात एम.ए.च्या वर्गासाठी टिपणं काढत होतो. लिहायचो, खोडायचो, उठून घरभर फेऱ्या मारायचो. पाश्चात्त्यांची बाजू मात्र एका वाक्यात उतरली होती: ‘एका राष्ट्राला दुसऱ्याचे सोयरसुतक नसते.’

ते इतकं झटकन का सुचलं, हे मला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या फ्लॅटवरून भांडण झालं, तेव्हा अंबरनाथ पूर्वेला दादाच्या दारात उभं राहून मी हेच सुनावलं होतं. “यापुढे मला तुझं सोयरसुतक नाही!” तेव्हापासून बोलणं बंद. यंदा माझ्या गणपतीलाही तो फिरकला नाही. साधा फोन नाही. मी आरतीतसुद्धा धुमसत होतो.

वर्गात सांगितलं, की हे आफ्रिकी अभ्यासक म्हणतात, राष्ट्रं मुळात एकमेकांना परकी नसतात. नाती आधीची. सरहद्दी नंतर तिऱ्हाइतांनी नकाशावर आखल्या, आणि एकाच कुळातली माणसं दोन देशांत गेली. पोरं जांभया देत होती. बदलापूरजवळच्या गावातली, शेतकऱ्याघरची एक मुलगी तेवढी ऐकत होती.

“म्हणजे सर, सोयरसुतक असतं, असंच ना?”

“इतकं सोपं नाही गं. भांडतात की ते आपसांत.”

“आमचं पण काकाशी बोलणं बंद आहे. बांधावरून केस चालू आहे. पण काकीला मुलगा झाला तेव्हा आईनं दहा दिवस देवाला हात नाही लावला. सोयर लागतंच ना, सर? ते काय जजला विचारून लागतं?”

वर्ग हसला. मला हसू येईना. उरलेला तास कसाबसा रेटला.

मांजर्लीला घरी आलो तरी चैन नव्हतं. टीव्ही लावला, बंद केला. चहा गार झाला. बायको म्हणाली, “एका जागी बसा जरा.” शेवटी वहिनींना फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

“भाऊजी?” त्या गडबडल्या. मग म्हणाल्या, “नातू झाला आम्हाला. महिना होऊन गेला.”

मी भडकलोच. “महिना? आणि मला एका शब्दानं कळवावंसं वाटलं नाही?”

“मी लावत होते हो फोन. ह्यांनीच थांबवलं. गणपती दोन दिवसांवर होते. म्हणाले, कळलं तर त्याला सोयर लागेल, घरात गणपती बसायचा नाही त्याच्या. कानावर जाऊ देऊ नकोस.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“दादा आहे का?”

“बाहेर गेलेत,” वहिनी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “नाही, इथंच बसलेत. थांबा, देते.”