बकाणाखाली उभी लिंबाची कविता

झाडं ओळखण्याच्या बाबतीत आमच्या गारखेड्याच्या कॉलनीत माझा शब्द अखेरचा मानला जायचा. हे साधारण आठ दिवस टिकलं.

झालं असं, की कॉलनीच्या बागेत रहिवाशांच्या निसर्गकवितांच्या पाट्या लावायचं ठरलं. ज्या झाडावर कविता, त्याच झाडाखाली पाटी! कल्पना गायकवाड ताईंची. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, तेव्हा नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. अकरा कविता जमल्या. पण कोणतं झाड कोणतं, हे सांगणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मूळचा पाचोडचा, घरची शेती, आप्पा (म्हणजे माझे वडील) अजूनही रोज रानात जातात. (मी स्वतः बावीस वर्षं विमा कचेरीतल्या खुर्चीत बसून आहे, हे कुणी विचारात घेतलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.)

"शेतकऱ्याच्या पोराला हे काय विचारायचं असतं?" असं म्हणत मी बोट दाखवत सुटलो. हा लिंब, हा पिंपळ, तो आपटा!

पिंपळावर कविता होती खुद्द गायकवाड ताईंची. त्या जरा थबकल्या. "भाऊ, पिंपळाच्या पानाला लांब टोक असतं ना?"

"ताई, झाड कोवळं आहे. टोक मागून फुटतं."

इतक्या ठामपणे मी कधी पॉलिसीसुद्धा विकली नव्हती.

माझी कविता लिंबावर, म्हणजे कडुलिंबावर. आमच्या बांधावरच्या लिंबाखाली माझं बालपण कसं गेलं, त्याच्या सोळा ओळी. समोरच्या झाडाकडं बघून 'जांभळा मोहर तुझा' अशी एक ताजी ओळही घातली. आणि उद्घाटनाला आप्पांना मुद्दाम पाचोडहून बोलावलं. खरं सांगतो, मला पाटीचं एवढं कौतुक नव्हतं. मी नोकरी धरल्यापासून आप्पा पाहुण्यारावळ्यांत म्हणत आले होते, "इलासला रानातलं काय कळत नाय." एकदा, फक्त एकदा, त्यांनी चारचौघांत माझ्यासाठी मान डोलवावी, एवढीच माझी इच्छा होती.

रविवारी सकाळी मी झाडाखाली उभं राहून कविता म्हटली. टाळ्या पडल्या. आप्पा बुंध्यावर हात ठेवून वर बघत होते.

"कविता लई बेस हाय," ते म्हणाले. माझी छाती फुगली. "पन लिंब कुठंय?"

"आप्पा, हाच की!"

"ह्यो? आरं, ह्ये बकाणाचं झाड हाय. लिंबाला जांभळा मोहर कधी बघितलास?"

गायकवाड ताईंनी चष्मा पुसला. "बाबा, तेवढा माझा पिंपळ बघता का?"

"ही पिंपरण, बाई. पिंपळ त्यो तिकडं, टाकीच्या मागं."

मग माझी बायको संगीता पुढं झाली. आपट्यावरची कविता तिची होती. आप्पांनी एक पान तोडून बघितलं. "कांचन."

"कांचन?" संगीता माझ्याकडं वळली. "अहो, मग दर दसऱ्याला तुम्ही इथूनच सोनं तोडून आणता ते...?"

अख्ख्या कॉलनीला मी बारा वर्षं कांचन वाटत होतो!

पुढचा समारंभ असा झाला: आप्पा पुढं, पहार घेऊन मी मागं, माझ्यामागं सगळे कवी. पाट्या उपटायच्या, खऱ्या झाडापाशी रोवायच्या. आंबा आणि नारळ तेवढे मी बरोबर सांगितले होते. (आंब्याला कैऱ्या लागल्या होत्या. नारळाचं तुम्हीच समजून घ्या.) माझी पाटी मात्र जागच्या जागी राहिली, कारण सगळ्या बागेत लिंबच नव्हता. आप्पा संध्याकाळच्या एसटीनं गेले. मला फार लाज वाटली.

पुढच्या रविवारी आप्पा पुन्हा हजर! मांडीवर तेलाचा पत्र्याचा डबा धरून ते पाचोडहून आले होते, आणि डब्यात वीतभर रोप. त्यांनी स्वतःच माझ्या पाटीजवळ खड्डा घेतला.

"आपल्या बांधावरच्या लिंबाखालचं हाय," ते म्हणाले. "कवितेतला तुझा लिंब त्योच ना? आता रोज पानी घालीत जा."

मान त्यांनी डोलवली नाही. पण मी लिंबाची शपथ घेऊन सांगितलं, की एक दिवस चुकणार नाही.

आणि चुकलो नाही! मधे चार दिवस ताप आला तेवढे सोडले, तर रोज सकाळी बादलीभर पाणी. दीड महिन्यात रोप गुडघ्याला लागलं, वर पांढरी फुलं आली. पांढरा मोहर! मी लगेच फोटो काढून आप्पांना पाठवला. पाच मिनिटांत फोन आला.

"इलास, लिंब कुठंय?"

"आप्पा, फोटोत हाच की! गुडघ्याएवढा झालाय!"



"बाळा, ते गाजरगवत हाय."

मी वाकून नीट पाहिलं. लिंब दोन हात पलीकडं होता, माझ्या सांडलेल्या पाण्यावर झकास वाढलेला.