डब्यावरचं घोंगडं

बिरप्पाच्या खांद्यावर आता घोंगडं तेवढं उरलं होतं. मेंढरं गेली, बायको मायाक्का गेली, मंगळवेढ्याकडचं गाव सुटलं. सोलापुरात होटगी रोडच्या कडेला दोन खोल्यांचं घर आणि नवऱ्याने टाकलेली लेक प्रियंका, एवढाच त्याचा संसार. एके काळी धनगरांच्या गजीनृत्यात हा माणूस उतरला की ढोलवाल्याचे हात थकत, ह्याचे पाय थकत नसत. असा रुबाब! आता तो दारात नुसता बसून असे.

प्रियंकाने कामासाठी पुण्याला जायचं ठरवलं, तेव्हा त्याने ताटच बाजूला सारलं. मग तिनेच वाट काढली. दवाखान्यांचे कागद टाइप करून पाठवायचं काम बाहेरगावची एक कंपनी घरी द्यायला तयार होती. अट एकच. आठवडाभर चाचणी, आणि कामाच्या वेळेत इंटरनेट तुटता कामा नये. तुटलं, की काम दुसऱ्याला. गल्लीतल्या महानंदा आणि वैष्णवी तिच्या जोडीला आल्या. बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून तीन जुने कॉम्प्युटर आणले.

तिप्पण्णा वायरमनने खांबावरून केबल ओढली आणि बाहेरच्या खोलीतल्या कोनाड्यात राउटर बसवला. दोन कॉम्प्युटरना वायर, तिसऱ्याला वायफाय. वीज गेली तर म्हणून बॅटरीही जोडली. हिरवे दिवे लुकलुकायला लागले तसा बिरप्पा पुढे सरकला.

"ह्यो एवढासा डबा तिघींना पुरतोय व्हय?"

"दहा जणींना पुरंल, मामा. फकस्त धुळीपासनं जपा."

"जपायचं मला शिकवतुयास? नुकती जन्मलेली कोकरं थंडीवाऱ्यात जगवल्यात म्या!"

त्याने कोनाड्यासमोरच बैठक मारली. दिव्यांवर नजर ठेवायचा, पाल आली तर हाकलायचा, मधूनच ओवी गुणगुणायचा. आतून प्रियंका ओरडायची, "आप्पा, डब्याला झोप लागंल की!" आणि खळखळून हसायची. मायाक्का गेल्यापासून ते हसू घरात ऐकू आलं नव्हतं.

चाचणीच्या शेवटच्या दुपारी वादळ उठलं. मे महिन्यातलं सोलापूर ते. आभाळ मातीच्या रंगाचं झालं, पत्रे खडखडले, वीज गेली. बॅटरीवर काम चालू राहिलं. पोरींनी आतलं दार लावून घेतलं. बाहेरच्या खोलीत मात्र दाराच्या फटीतून धूळ घुसू लागली. बिरप्पाने माळावर आयुष्यभर जे केलं, तेच केलं. खांद्यावरचं घोंगडं काढलं, दुहेरी घडी घातली, डबा चहूबाजूंनी घट्ट लपेटला आणि वर हात ठेवून बसला. रंगमंचावर असता तर टाळ्या पडल्या असत्या. हाताला ऊब लागत होती, जित्या कोकराची असते तशी. त्याला बरं वाटलं.

वादळ ओसरलं, तरी त्याने घोंगडं काढलं नाही. उडालेली धूळ खाली बसायला वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं.

तेवढ्यात आतून महानंदा ओरडली, "अगं, माझं बंद पडलं!"

"माझंबी!" वैष्णवी म्हणाली.

दार धाडकन उघडलं. "आप्पा, डबा?"

"हाय की! कणभर धूळ लागू दिली न्हाय."

प्रियंकाने घोंगडं उचललं. जळक्या प्लास्टिकचा वास खोलीभर पसरला. एकही दिवा लागत नव्हता. बिरप्पा अजून तिच्या तोंडाकडे बघत होता, शाबासकीच्या आशेने.

दुसऱ्या दिवशी तिप्पण्णाने नवा राउटर बसवला. "मामा, ह्याला वारं लागतंय. झाकून चालत न्हाय. मीच सांगाया पायजे हुतं." पण तोवर काम दुसऱ्याला गेलं होतं.

स्टँडवर पुण्याची गाडी लागली. बिरप्पाने घोंगडं लेकीपुढे धरलं. "ने. म्होरं थंडी येईल." तिने ते घेतलं आणि मांडीवर ठेवून खिडकीशी बसली.

आता तिचा फोन येतो, तो दर वेळी एका गोष्टीवर येऊन थांबतो. "आप्पा, कॉम्प्युटर तर परत गेले. ते इंटरनेट बंद करून टाका की."

"असू दे. तू आलीस तर लागंल."

फोन ठेवून तो कोनाड्यासमोर बसतो आणि उघड्या खांद्याने, हातातल्या टॉवेलने, डब्याला वारा घालत राहतो.